बर्फ लडाखचा, धुई मेहकरची : हिवाळ्यातल्या रस्त्याचा धडा



डिसेंबर उजाडला की आपण मुलांना एक हमखास निबंध देतो, 'हिवाळ्यातील एक सकाळ'. मुलंही मनापासून लिहितात. गवतावर मोत्यांसारखं दव, धुक्याची चादर, अंगणातली शेकोटी, वाफाळलेला चहा, आजीची गोधडी. यंदा या वह्या वाचताना एक गोष्ट नजरेत भरली. सगळ्या वर्गाच्या निबंधांत रस्ता कुठेच नव्हता. हीच मुलं त्याच धुक्यातून कुणी पायी, कुणी सायकलीवर, कुणी वडिलांच्या गाडीवर मागे बसून शाळेत येतात. त्यांच्या हिवाळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट रस्ता आहे, आणि तीच निबंधात नाही. म्हणून आजचा हा लेख हिवाळ्यातल्या रस्त्यावर. वर्गात वाचून दाखवा, पालकसभेत वापरा, जमेल तसा वापरा.

मी मेहकरला राहते आणि जानेफळच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत स्कूटीनं जाते-येते. आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण ज्यांना डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहा-साडेसहाला घर सोडावं लागतं, त्यांना विचारा आपला रस्ता कसा असतो ते. रात्रभर आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि हवेतल्या बाष्पाचे बारीक बारीक थेंब होतात. त्यात आपल्याकडे पैनगंगेचं खोरं आहे, पेनटाकळी आणि कोराडी धरणांचं पाणी आहे, आणि रात्रभर भिजणारं गहू-हरभऱ्याचं रान आहे. बाष्पाला तोटा नाही. आपण याला धुई म्हणतो. शेतकरी धुईला भितो तो तुरीच्या फुलोऱ्यासाठी, फूल गळतं म्हणून. पण धुई रस्त्यावरही उतरते, तिचा विचार आपण कमी करतो.

नुसती धुई असती तरी निभावलं असतं. हिवाळ्यात आपल्या खेड्यांच्या रस्त्यावर बाकी काय काय असतं ते बघा. ट्रॅक्टर ओल्या शेतातून निघाला की चाकाला लागलेली काळी माती डांबरावर गळत जाते. रात्री तिच्यावर दव पडतं आणि सकाळपर्यंत त्या मातीची साय तयार होते. काही ठिकाणी शेतातल्या तुषार संचाचं पाणी थेट रस्त्यावर उडत असतं. कुणी तूर वाळत घातलेली असते, कुणाचं कुटार पसरलेलं असतं. कापसानं ठासून भरलेली ट्रॉली पुढे चाललेली असते. कापूस दोन्ही बाजूंनी एवढा फुगलेला की मागचा दिवा असला तरी दिसायचा नाही, आणि बऱ्याचदा तो नसतोच. एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, आज एवढी धुई होती की आमच्याच बैलाइचे शिंगं मले दिसत नव्हते." वर्ग हसला. पण त्याच रस्त्यावर त्याच वेळी साठच्या वेगानं कुणीतरी गाडीवर येत असतं, हे त्या हसण्यात विसरून जायला नको.

आता बर्फाकडे वळूया, कारण हा धडा मला बर्फातून मिळाला.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं सैन्यात आहेत. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सैन्यात वाहनचालक आहे. लडाखच्या भागात त्यानं दोन हिवाळे काढले. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला वर्गात बोलावलं. मुलांना वाटलं, हा आता बंदुकीच्या गोष्टी सांगेल. तो बोलला रस्त्याबद्दल.

श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या वाटेवर झोजिला नावाची खिंड लागते. उंची साधारण ३,५०० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच जागी गाड्या चालतात. सीमा रस्ते संघटना १९६० पासून असले सरहद्दीचे रस्ते बांधते आणि उघडे ठेवते. थंडी एवढी की साधं डिझेल टाकीतच घट्ट होऊ लागतं. म्हणून २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं गेलं. हे ऐकताना मुलांचे डोळे मोठे झाले होते. मग एकानं विचारलं, "दादा, बर्फात ब्रेक कसा मारायचा?"

तो म्हणाला, "मारायचाच नाही. ब्रेक हा तिथं शेवटचा उपाय. जोरात दाबला की चाक जाम होतं, आणि जाम झालेलं चाक म्हणजे घसरगुंडी. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी तुमचं ऐकत नाही. आम्ही आधीच खालच्या गिअरमध्ये असतो. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी धरतं. चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या असतात. वळण यायच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवायचं की नवीन माणसाला वाटावं, हा भित्रा आहे."

सगळ्यात वाईट बर्फ कोणता, तर जो दिसत नाही तो, असंही त्यानं सांगितलं. दिवसा उन्हानं बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. सकाळी त्याचा काचेसारखा पारदर्शक पापुद्रा डांबरावर बसलेला असतो. खालचं काळं डांबर आरपार दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. पुलावर तो आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून, दोन्हीकडून गार हवा लागते. डोंगराच्या सावलीतल्या वळणावर तो दुपारपर्यंत हटत नाही.

त्याचं हे बोलणं ऐकताना मला आपली काळ्या मातीची साय आठवत होती. तीही डांबरावर डांबरासारखीच दिसते. तीही सकाळीच असते आणि दहा वाजेपर्यंत उन्हानं वाळून धूळ होते. आणि तीही पुलाजवळ, फरशीजवळ, झाडाच्या सावलीत जास्त टिकते.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही करून बघा, खर्च काहीच नाही. सहावीच्या विज्ञानात घर्षण बल आहेच. पंक्चरच्या दुकानातून जुन्या टायरचा एक तुकडा आणला. एक लाकडी फळी घेतली. टायरचा तुकडा फळीवर ठेवून तिचं एक टोक हळूहळू उचलायचं आणि कितव्या इंचावर तुकडा घसरतो ते पट्टीनं मोजायचं. आधी कोरडी फळी. मग पाणी शिंपडलेली. मग कुटार पसरलेली. मग काळ्या मातीचा पातळ चिखल फासलेली. शेवटी मी घरच्या फ्रिजमध्ये स्टीलच्या ताटात पाणी गोठवून ते थर्माकोलच्या डब्यात घालून नेलं होतं. ताट जरासं कलतं केलं, तोच तुकडा सुटला. मुलं ओरडलीच. पण मला अपेक्षित असलेलं वाक्य मागच्या बाकावरून आलं : "मॅडम, चिखल आन् बर्फ जवळजवळ एकच हाय की!"

अगदी एकच नाही, हे मी फळ्यावर आकडे मांडून दाखवलं. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ धरतात. बर्फावर तो ०.१ च्या आसपास उतरतो, कारण बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. ओल्या, चिखलाळलेल्या रस्त्यासाठी आम्ही मधला ०.३ धरला. मग गणित केलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसलं, डोक्याला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात एकच सेकंद धरला तरी गाडी १७ मीटर पुढे गेली. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर २० मीटर लागतात, चिखलाळ रस्त्यावर ४७ मीटर आणि बर्फावर १४० मीटरच्याही वर. म्हणजे चिखलाळ रस्त्यावर पहिला सेकंद धरून एकूण ६४ मीटर.

आता वेग निम्मा करा. ताशी ३०. पहिल्या सेकंदाचे ८ मीटर आणि चिखलाळ रस्त्यावर ब्रेकनंतरचे १२ मीटर. एकूण २०. वेग निम्मा झाला की ब्रेकनंतरचं अंतर निम्मं होत नाही, चौथा हिस्सा होतं. ही गोष्ट सूत्रातून शिकवायला दोन तास लागले असते. फळ्यावर ६४ आणि २० शेजारी शेजारी लिहिल्यावर ती एका मिनिटात कळली.

हवामान खातं ज्याला अतिदाट धुकं म्हणतं, त्यात ५० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही. आपल्या गावांच्या रस्त्यालगतच्या विजेच्या दोन खांबांमधलं अंतरही साधारण तेवढंच असतं. म्हणून मुलांनी स्वतःच एक नियम बनवला : एका खांबापाशी असताना पुढचा खांब दिसला नाही, तर गाडी तीसच्या खाली. आम्ही तो वर्गाच्या भिंतीवर लावला. त्याच्या वर मी एकच ओळ लिहिली, 'जेवढं दिसतं, तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.' लडाखमध्ये हाच नियम, मेहकरमध्ये हाच. झोजिलावर तो न दिसणाऱ्या बर्फासाठी आहे, आपल्याकडे न दिसणाऱ्या ट्रॉलीसाठी.

ट्रॉलीचं नाव काढलं, म्हणून एक गोष्ट सांगते. आमच्या सातवीतल्या एका मुलाचे वडील पहाटे दुधाचे कॅन घेऊन गाडीवर निघायचे. जानेवारीतली सकाळ होती, धुई दाट. रस्त्यात एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, दगड लावून ठेवलेले, माणूस टायर आणायला गेलेला. ते त्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. जीव वाचला. पायात सळई पडली आणि दुधाचा धंदा बसला. म्हशी विकाव्या लागल्या. मुलगा बरेच दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा मी त्याला काही विचारलं नाही. त्यानंच मधल्या सुट्टीत येऊन सांगितलं, "मॅडम, बाबा हळूच होते. ट्रॉलीच दिसली नाही."

या वाक्यानं माझ्या नियमाला दुसरी बाजू दिली. चालणाऱ्यानं थांबता येईल एवढ्याच वेगानं चालायचं, हे खरं. पण जो थांबलेला आहे, त्यानं दिसलं पाहिजे. नियम दोघांचा आहे.

मग मुलांनी बालसभेत ठराव केला. गावात ज्यांच्या घरी ट्रॉली किंवा बैलगाडी आहे, त्यांची यादी केली. थोडी वर्गणी झाली, त्यातून चमकणाऱ्या लाल पट्ट्या आणल्या. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतंच, त्याच निमित्तानं एका शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं घरोघर गेली आणि ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर, बैलगाड्यांच्या साटीवर पट्ट्या चिकटवल्या. आधी धूळ पुसायची, मग ओलं फडकं, मग कोरडं, मगच पट्टी. नाहीतर आठ दिवसांत निघून पडते. एक आजोबा म्हणाले, "माह्या बैलाले बी लाव एक." मुलांनी बैलाच्या शिंगाला लावली! सातवीतल्या त्या मुलानं सगळ्यात जास्त पट्ट्या लावल्या.

आता मला जे मुख्य म्हणायचं आहे, ते सांगते.

आमच्या त्या फौजी विद्यार्थ्याला मी शेवटी विचारलं होतं, "अशा रस्त्यावर भीती वाटत नाही का रे?" तो म्हणाला, "वाटते ना मॅडम. पण एक बरं असतं. रस्ता बंद म्हटला की बंद. जायचं की नाही, हे एकट्या ड्रायव्हरनं ठरवायचं नसतं. थांबलो म्हणून कुणी आम्हाला कामचुकार म्हणत नाही."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. बर्फाच्या मुलखात लोक शहाणे असतात आणि आपण नसतो, असं नाही. तिथं थांबायची परवानगी आधीच दिलेली असते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. 'लावू उद्या-परवा' हा प्रश्नच राहत नाही. बर्फ फार पडला तर तिकडे शाळांना सुट्टी देतात, मुलाला घरी का ठेवलं म्हणून आईला खुलासा द्यावा लागत नाही. आपल्या गावांतली मुलं आता शिकायला, नोकरीला त्या देशांत जातात. त्यांच्या आई-बाबांनी व्हिडिओ कॉलवर हे ऐकलेलं असेल.

आणि आपल्याकडे? धुईच्या सकाळी गाडीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते आठवा. शनिवारची सकाळची शाळा. प्रार्थना सुरू झाली असेल. उशीर झाला तर मुलाला बाहेर उभं करतील. बोर्डाचा ज्यादा तास चुकेल. त्याला धुई दिसत नसते असं नाही. पण धुईपेक्षा त्याला आपली नजर जास्त भिववते. म्हणजे तुमची-माझी, शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मोठ्या माणसाची. गाडीचा वेग हातात असतो खरा, पण तो ठरतो बऱ्याचदा शाळेच्या घंटेवर.

म्हणून आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडला. मुख्याध्यापक सरांनी आणि पालकांनी मिळून जे ठरवलं, ते साधं आहे. शाळा वेळेवरच उघडते, कारण एक सर गावातच राहतात आणि चावी त्यांच्याकडे असते. पण धुईच्या दिवशी परिपाठ अर्धा तास पुढे जातो. उशिरा आलेल्या मुलाला कारण विचारायचं नाही, दारात उभं करायचं नाही. तो आला की आधी शेकायला बसवायचं. गेलेला वेळ दिवसाच्या शेवटी भरून काढायचा. पालकांच्या गटावर सकाळी गावातलंच कुणीतरी कळवतं, 'आज धुई आहे, सावकाश या.' एवढंच. पहिल्या हिवाळ्यात काही पालक म्हणाले, मुलं याचा फायदा घेतील. मोजून बघितलं, तसं झालं नाही. धुई नसलेल्या दिवशी उशिरा येणारी मुलं जी आधी होती तीच राहिली!

पालकांसाठी चार गोष्टी थोडक्यात सांगते. धुईत गाडीचा दिवा खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हेल्मेटची काच आतून-बाहेरून पुसून निघा. ब्रेक दोन्ही मिळून आणि हळू दाबा, वळणात गाडी फार झुकवू नका. मागे बसणाऱ्या मुलाच्या दप्तरावर एक चमकणारी पट्टी लावा, मागून येणाऱ्याला आधी दप्तर दिसतं. चार वर्षांपर्यंतचं मूल गाडीवर असेल तर त्याला हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि वेग ४० च्या वर जाता कामा नये. हा नियम २०२३ पासून लागू आहे. आणि नववी-दहावीतल्या पोराच्या हातात मोटारसायकलची किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी सतरा मीटरचा तो पहिला सेकंद पोराच्या हाताला सांभाळता येत नाही.

शिक्षकांना एक विनंती. हिवाळ्यात मुलांना निबंध द्याच, पण एकदा विषय बदलून बघा. 'माझा शाळेचा रस्ता' असा द्या. कुठं पाणी साचतं, कुठं ट्रॉल्या उभ्या असतात, कोणत्या वळणावर समोरचं दिसत नाही, कुठं कुत्री अंगावर येतात, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आमच्या मुलांच्या निबंधांतून आम्हाला अशा सहा जागा कळल्या. त्यातल्या दोन ठिकाणी ग्रामपंचायतीनं चुन्याचे पांढरे दगड लावले, आणि एका शेतकरीदादांनी आपल्या तुषार संचाचं तोंड रस्त्यावरून शेताकडे वळवलं. त्यांना कुणी तक्रार केली नव्हती. त्यांच्या मुलीचा निबंध त्यांनी वाचला होता.

तुमच्या गावाकडच्या रस्त्यावर हिवाळ्यात काय असतं, आणि धुईच्या सकाळी तुमच्या शाळेची घंटा किती वाजता होते, तेही जरूर कळवा. आमच्याकडे उद्या शनिवार आहे, आभाळ निरभ्र आहे आणि वारा पडलेला आहे. घंटा बहुतेक उशिरा होईल.